छायाचित्र कोण काढतो?



आमच्या युनियनच्या कचेरीत नोटीस-बोर्डाच्या वर एक जुने छायाचित्र चौकटीत बसवून लावलेले आहे. सूतगिरणीच्या रिंग खात्यातले ते चित्र आहे. दोन लहान मुले चालत्या मशीनवर चढून उभी आहेत. तुटलेला धागा सांधावयाचा, रिकामी बॉबिन बसवावयाची, आणि जमिनीवर उभे राहून हात पोचत नाही, म्हणून ती वर चढली आहेत. एकाचे पाय अनवाणी आहेत. स्थळ अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील मेकन शहर, काळ जानेवारी १९०९, आणि छायाचित्र काढणाऱ्याचे नाव लुईस हाइन.

कचेरीत येणारी वयस्क माणसे हे चित्र पाहून विचारतात, "ही पोरं कुठली हो?" अलीकडची तरुण मंडळी येतात, खिशातला फोन काढून चित्राचे चित्र घेतात, आणि विचारतात, "भाऊ, हा फोटो कुठल्या कॅमेऱ्यानं काढला असंल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे मला सोपे जाते. दुसऱ्या प्रश्नाने मला पुष्कळ वाचावयास लावले. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडितांनी यात काही उणे काढले तर मी ते नम्रपणे मान्य करीन. परंतु हत्यार आणि हात यांचा तंटा हा माझ्या रोजच्या धंद्यातला विषय आहे, त्याबद्दल बोलण्याचा थोडा हक्क मी मागतो.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की छायाचित्रणाच्या आरंभी हा प्रश्न कोणाला पडण्यासारखाच नव्हता. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काच स्वच्छ पुसावी, तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्राव एकसारखा पसरावा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी, आणि वाळण्याच्या आत बाहेर काढून धुवावी. सारा कारभार दहा-पंधरा मिनिटांत उरकला पाहिजे. परगावी जावयाचे तर काळोखी खोली तंबूच्या रूपाने पाठीवर घेऊन जावयाचे. या कारागिरांची बोटे चांदीच्या क्षाराने काळी पडलेली असत, जशी रंगाऱ्याची रंगाने पडतात. अशा माणसाला "तुझा कॅमेरा कोणता?" असे विचारणे म्हणजे चांगल्या सुताराला त्याच्या करवतीचे नाव विचारण्यासारखे झाले असते. आर्चरविषयी एक गोष्ट सांगून पुढे जातो. त्याने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. साऱ्या जगातल्या छायाचित्रकारांनी त्या रीतीवर पोट भरले, आणि तो स्वतः १८५७ साली वारला तेव्हा कुटुंबासाठी मागे काही उरले नव्हते.

पुढे कारखान्यात तयार होणाऱ्या कोरड्या काचा आल्या आणि ही धावपळ संपली. मग १८८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावच्या जॉर्ज इस्टमन याने कोडॅक नावाचा लहानसा डबा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० चित्रांची फीत आधीच भरलेली. शंभर चित्रे झाली की सबंध डबाच १० डॉलरांसह रोचेस्टरला पाठवावयाचा. तो नव्या फितीसह आणि छापलेल्या चित्रांसह परत येई. तुम्ही नुसते बटण दाबा, बाकीचे आम्ही पाहून घेऊ, अशा अर्थाची त्यांची जाहिरात जगभर गाजली. १९०० साली तर ब्राउनी नावाचा एक डॉलरचा कॅमेरा निघाला आणि मुलांच्याही हाती गेला.

या जाहिरातीला मी सरसकट नावे ठेवीत नाही. ज्यांच्या घरात आजीआजोबांची एकही खूण राहिली नसती, त्यांच्या घरात तिने चित्रे नेली, हे उपकार लहान नव्हेत. परंतु "आम्ही पाहून घेऊ" यातले "आम्ही" म्हणजे कोण? रोचेस्टरच्या कारखान्यात फिती धुणारी, कापणारी, चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवणारी शेकडो माणसे. जाहिरातीत त्यांचे नाव नाही, आणि बटण दाबणाऱ्याचेही नाही. नाव एकच उरले, डब्याचे. हातमागाचा विणकर जाऊन यंत्रमाग आला तेव्हा लुगड्याला विणकराचे नाव सुटले आणि गिरणीचा छाप लागला. तोच हा प्रकार. कौशल्य नाहीसे झाले नव्हते, ते विभागले गेले होते आणि दृष्टीआड झाले होते. डबा मात्र दुकानाच्या काचेच्या कपाटात मांडता येत होता, किंमत लावता येत होती, पुढल्या वर्षी नवा काढता येत होता. माणसाची नजर कपाटात मांडता येत नाही. यंत्राचा एवढा बोलबाला का होतो याचे कारण मला तरी येथे सापडते.

आता हाइनकडे वळू. त्याचा जन्म १८७४ साली विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे झाला. १८९२ साली वडील अपघाताने गेले आणि पोरवयातच त्याला फर्निचरच्या कारखान्यात दिवसाचे तेरा तास राबावे लागले. पुढे शिकत शिकत तो न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर शाळेत शिक्षक झाला. त्या शाळेच्या प्रमुखाला वाटले की आपल्या कामाची छायाचित्रे असावीत, म्हणून कॅमेरा हाइनच्या हाती दिला गेला. तोवर त्याने कॅमेरा चालवलेला नव्हता. म्हणजे हा मनुष्य ना कोण्या स्टुडिओत उमेदवारी केलेला, ना श्रीमंत हौशी. १९०४ पासून तो एलिस बेटावर जाऊ लागला, जेथे युरोपातून बोटींनी आलेली गरीब माणसे उतरत. १९०८ साली त्याने मास्तरकी सोडली आणि राष्ट्रीय बालकामगार समितीचे काम पूर्ण वेळ पत्करले.

त्याचे सामान काय होते, ते तरुण मित्रांसाठी सांगतो. पाच बाय सात इंचांच्या काचा घेणारा लाकडी पेटीचा कॅमेरा, तिकाटणे, काचांची जड पेटी आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड. असे सामान पैसे टाकून कोणालाही मिळत होते. त्याच सुमारास हातात धरून चटकन चित्र घेता येईल असे कॅमेरेही निघालेले होते. तेव्हा त्या दिवसांच्या हिशेबानेही हाइनचे सामान काही अपूर्व नव्हते.

अपूर्व होती त्याची काम करण्याची पद्धत. गिरणीच्या दारातून आत कसे जावयाचे, येथूनच त्याचे छायाचित्रण सुरू होई. कधी तो बायबल विकणारा बने, कधी विम्याचा एजंट, कधी आगीपासून बचावाची तपासणी करणारा अधिकारी. कधी सांगे, मी यंत्रांची चित्रे काढणारा धंदेवाईक छायाचित्रकार आहे. मग मॅनेजर खूष होऊन त्याला नवी मशीनरी दाखवी. हाइन म्हणे, मशीन केवढे मोठे आहे ते चित्रात कळावे म्हणून शेजारी कोणाला तरी उभे करू या. आणि एखाद्या पोराला बोलावून घेई. श्रोतेहो, यातली मौज पाहा. मॅनेजरच्या लेखी चित्र मशीनचे होते आणि पोर हे त्याचे माप होते. हाइनच्या लेखी मशीन हे पोराचे माप होते. कॅमेरा एक, काच एक, उजेडही एकच, आणि दोघांनी पाहिलेली चित्रे दोन.

त्याने आपल्या कोटाच्या प्रत्येक बटणाची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवलेली होती. मूल शेजारी उभे राहिले की डोके कितव्या बटणाशी येते ते पाही आणि उंची कळे. खिशात हात घालून, खिशातल्या खिशातच कागदावर पेन्सिलने टिपणे करी. वय किती, काम किती महिने, मजुरी किती, रात्रपाळी आहे की नाही. घरी जाऊन आईबापांच्या बायबलमध्ये लिहिलेल्या जन्मतारखा ताडून पाही. आत सोडले नाही तर पहाटे आणि पाळी सुटताना फाटकाशी उभा राही. दक्षिण कॅरोलिनातल्या लँकेस्टरच्या गिरणीतील एका मुलीखाली त्याने नोंद केली आहे, उंची ४८ इंच, सहा महिने काम केले आहे. डिसेंबर १९०८ मधली उत्तर कॅरोलिनातली दुसरी एक मुलगी ५१ इंच उंचीची. गिरणीत एक वर्ष झालेले, कधी कधी रात्रपाळी, रोज ४८ सेंट. वय विचारले तेव्हा ती घुटमळली, आठवत नाही म्हणाली. मग हळूच सांगितले, की मी कामाच्या वयाची नाही, पण तरी करते. पन्नास कामगारांत तिच्याएवढी दहा मुले होती, हेही त्याने टिपून ठेवले आहे.

हे संभाषण कोणत्या भिंगाने टिपले? ती मुलगी परक्या माणसाला एवढे सांगते, ते काही कॅमेरा पाहून नव्हे. पंचवीस-तीस वर्षे कामगारांच्या तक्रारी लिहून घेण्याचे काम मी करतो आहे, आणि पहिल्या भेटीत खरे वय, खरा पगार काढून घेणे किती जड आहे ते मला ठाऊक आहे. हाइनची चित्रे नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. कॅमेरा बहुधा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. तिकाटणे खाली घेऊन स्वतः वाकल्याशिवाय ते होत नाही. त्यामुळे मूल वरून पाहिल्यासारखे केविलवाणे दिसत नाही, समोरासमोर उभे राहते. १९११ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियात पिट्स्टन येथे कोळशाचे दगड निवडणारी मुले त्याने चित्रित केली. तेथे धूळ इतकी की समोरचे दिसेनासे होई, आणि मुलांच्या डोक्यावर एक मुकादम लाथा घालावयास उभा. हेही त्याने चित्राखाली लिहून ठेवले. छायाचित्र खोटे बोलत नसेल, परंतु खोटे बोलणारा माणूस छायाचित्र काढू शकतो, अशा आशयाचे तो १९०९ साली एका परिषदेत बोलला होता. म्हणूनच त्याने चित्राला तारीख, ठिकाण आणि माप यांचा जामीन दिला.

यंत्राचे श्रेय यंत्रालाही दिले पाहिजे, नाहीतर मी एकांगी बोललो असे होईल. गिरणीतला अंधारा कोपरा मॅग्नेशियमच्या पुडीवाचून चित्रात आलाच नसता. हाइनच्या आधी जेकब रीस या वार्ताहराने १८८७ पासून न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांची चित्रे याच पुडीच्या भडक्यात घेतली. पूड तो तळणीच्या तव्यात पेटवी, आणि त्या नादात दोनदा घराला आग लावून बसला होता. नवे हत्यार हाती आले म्हणून नवी जागा उजेडात आली, हे खरेच आहे. परंतु तो तवा घेऊन कोणत्या दारात शिरावयाचे, हे पुडीच्या डब्यावर लिहिलेले नव्हते.

आपल्याकडचीच गोष्ट घ्या. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे चांगले छायाचित्रकार. मुंबईची पहिली कापडगिरणीही त्याच दशकातली. म्हणजे कॅमेरा आणि गिरणी या शहरात जवळजवळ हातात हात घालून आल्या. गिरण्यांतून पोरे राबत होती याचा पुरावा कायद्यातच आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने कामाचे किमान वय सात ठरविले, १८९१ च्या कायद्याने नऊ! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांची गाऱ्हाणी सभा भरवून, अर्ज करून, सरकारपुढे मांडली. पण हाइनने उभी केली तशी पाच हजार चित्रांची साक्ष आपल्या गिरण्यांतल्या मुलांसाठी उभी राहिली नाही. मुंबईत कॅमेऱ्यांची उणीव होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

उलट, जेथे माणसाच्या मनात काही करावयाचे होते तेथे एक कॅमेरा पुरला. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. तसला कॅमेरा पैसे देणाऱ्या कोणालाही मिळत होता. फितीच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे, हे काम रात्री घरातल्या अंधारात चाले आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचे हात होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात गिरगावात लागला. त्याचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला, त्यांना ते काम दादासाहेबांनी शिकवले होते. आपल्यापैकी कितीजणांनी तेलंगांचे नाव ऐकले आहे?

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. कॅमेऱ्याला भुलणाऱ्यांत मीही होतो. २०११ साली एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. प्रेसचा गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, माल लवकर निघावा म्हणून काढून ठेवलेला होता. नुकसानभरपाईचा दावा करावयाचा होता. मी म्हटले, पुरावा असा पाहिजे की पाहणारा थक्क झाला पाहिजे. युनियनच्या फंडातून पैसे काढून शहरातला नावाजलेला छायाचित्रकार आणला. त्याचा कॅमेरा लाखाच्या घरातला, बरोबर दिवे, छत्र्या, एक मदतनीस. आत जाण्याची परवानगी चौथ्या दिवशी मिळाली. छायाचित्रकार म्हणाला, केर फार आहे, जरा साफ करून घ्या. मॅनेजरने ते इतक्या आनंदाने करवून घेतले की मला तेव्हाच उमजावयास हवे होते. चित्र अतिशय सुंदर आले. प्रेस जाहिरातीतल्यासारखी चकाकत होती. सुनावणीत मालकाच्या वकिलाने आमचेच चित्र हातात घेऊन विचारले, की एवढ्या स्वच्छ आणि व्यवस्थित कारखान्यात हयगय कुठे दिसते?

आमच्याजवळ दुसरे एक चित्र होते, ते मी फायलीत तळाला टाकून दिले होते. अपघाताच्या रात्रीच त्याच खात्यातल्या एका फिटरने आपल्या साध्या मोबाइलवर काढलेले. अर्धे काळे, थोडे हललेले. पण त्यात प्रेसवरचा नंबर वाचता येत होता, गार्ड मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला दिसत होता, आणि जेथे हात गेला त्या फटीजवळ त्याने आपली स्टीलची फूटपट्टी ठेवली होती. पट्टी कशाला ठेवलीस, असे मी त्याला पुढे विचारले. तो म्हणाला, "माप दिसायला नको का, भाऊ?" त्या चित्रावर सुनावणी फिरली. मागितली तेवढी भरपाई मिळाली नाही, परंतु मिळाली. हाइनच्या कोटाच्या बटणांची हकीकत मी त्यानंतर दोन वर्षांनी वाचली. फिटरने ती कधीच वाचलेली नव्हती.

त्या छायाचित्रकाराला मी दोष देत नाही. लग्नात मुलीच्या आईचे डोळे कोणत्या क्षणी भरून येणार हे त्याला आधी कळते आणि तो तेथे तयार असतो. ते कसब मी पाहिलेले आहे. प्रेसचे त्याला काही कळत नव्हते आणि मी त्याला काही सांगितले नव्हते. कॅमेरा महाग आहे म्हणजे तो माझ्या वतीने पाहीलही, असे मी धरून चाललो. चूक माझी होती आणि पैसा कामगारांचा होता.

हाइनच्या चित्रांनी काय साधले? समितीने ती पत्रकांत छापली, भित्तिपत्रकांवर लावली, व्याख्यानांतून पडद्यावर दाखवली. १९१६ साली अमेरिकेत बालमजुरीविरुद्ध मध्यवर्ती कायदा झाला. १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिकाऊ कायदा यावयास १९३८ साल उजाडले. वीस वर्षे अनेकांनी खस्ता खाल्ल्या. एका माणसाच्या चित्रांनी कायदा केला असे कोणी लिहिले तर विश्वास ठेवू नका. परंतु ती चित्रे नसती तर सभ्य लोकांना ही मुले दिसलीच नसती.

१९३० साली एम्पायर स्टेट इमारत बांधली जात असता हाइनला तिची चित्रे काढण्याचे काम मिळाले. तो छप्पन्न वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. मला आता दोन मजले चढले की दम लागतो. तो गडी लोखंडी तुळयांवरून कामगारांबरोबर वर वर चढत गेला, आणि शेवटी शेवटी तर हजार फुटांवर बाहेर लोंबणाऱ्या पेटीत बसून त्याने चित्रे घेतली. १९३२ साली त्याचे कामगारांच्या चित्रांचे पुस्तक निघाले. त्यानंतर मात्र कामे आटली. मंदीच्या काळात सरकारच्या शेतीविषयक खात्याने खेड्यांची छायाचित्रे काढण्यासाठी माणसे नेमली, आणि त्या विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर याच्याकडे हाइनने पुन्हा पुन्हा काम मागितले. त्याला घेतले गेले नाही. घर कर्जापायी गेले. १९३९ च्या नाताळात पत्नी वारली. १९४० च्या नोव्हेंबरात तोही गेला, धर्मादाय मदतीवर दिवस काढीत असता.

त्याच्या काचा आणि चित्रे मुलाने न्यूयॉर्कच्या फोटो लीग या छायाचित्रकारांच्या संस्थेकडे दिली. ती संस्था १९५१ साली बंद पडली. १९५५ साली तो संग्रह रोचेस्टरला गेला, आणि ठेवला गेला तो जॉर्ज इस्टमनच्या वाड्यात. नुसते बटण दाबा म्हणणाऱ्या त्याच इस्टमनच्या! त्याच्या मृत्यूनंतर वाड्याचे संग्रहालय झाले होते. तेथे जुन्या कॅमेऱ्यांचाही मोठा साठा आहे.

बालकामगार समितीची पाच हजारांहून अधिक चित्रे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. आमच्या भिंतीवरचे मेकनचे चित्र त्यांतलेच. त्याच्याखाली हाइनने काय लिहिले होते ते आम्ही मराठीत करून, टंकलिखित करून, चौकटीच्या खालच्या कडेला चिकटवले आहे. चिठ्ठी थोडी पिवळी पडली आहे, पण वाचता येते.